ड्रायव्हरचा चेंडू उजवीकडे वळतो, आयर्न आधी जमिनीवर आदळतो: गोल्फ स्विंगचा पाया कुठून घालावा?

तुम्ही लिहिले आहे की गेल्या आठ महिन्यांपासून तुम्ही आठवड्यातून दोनदा सरावाला जाता, स्विंगवरचे, म्हणजे क्लब (गोल्फची काठी) फिरवून चेंडू मारण्याच्या हालचालीवरचे, बरेच व्हिडिओ पाहिले आहेत, आणि तरीही ड्रायव्हरने, म्हणजे दूरच्या फटक्यासाठीच्या सर्वांत लांब क्लबने, मारलेला चेंडू हवेत उजवीकडे वळत जातो, तर आयर्नने, म्हणजे धातूच्या पातळ डोक्याच्या आखूड क्लबने, मारताना क्लब चेंडूच्या आधीच जमिनीवर आदळतो. चांगल्या स्विंगची मूलतत्त्वे कोणती, ती कोणत्या क्रमाने शिकावीत आणि या दोन दोषांपैकी आधी कोणता हाती घ्यावा, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. मी २२ वर्षे गोल्फ शिकवत आहे आणि यांतला तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण हे दोन वेगवेगळे दोष आहेत असे त्यात तुम्ही धरून चालला आहात. शिकाऊ खेळाडूमध्ये ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसली की त्यांचे मूळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडते, आणि ते ठिकाण म्हणजे क्लब धरणारे हात.

स्विंग प्रत्यक्ष न पाहता दिलेल्या उत्तराला मर्यादा असतात, त्या आधीच सांगतो. तुम्ही उजव्या हाताने खेळता असे मी धरले आहे. डावखुऱ्या खेळाडूने पुढचे सर्व डावे-उजवे उलट करून वाचावे. बॅकस्विंग (क्लब मागे आणि वर नेण्याची हालचाल) किती लांब असावा हे कंबर, खांदे आणि मनगटे किती सहज वळतात यावर ठरते, त्यामुळे विशीतल्या आणि साठीतल्या माणसाला मी एकच मोजमाप देत नाही. पाठीचे जुने दुखणे असेल तर सराव वाढवण्यापूर्वी डॉक्टरांशी किंवा फिजिओथेरपिस्टशी बोलून घ्यावे, कारण गोल्फ खेळणाऱ्यांमध्ये कंबरेची तक्रार फार आढळते. क्लब उसने घेतलेले असतील आणि त्यांची लांबी तुमच्या उंचीला साजेशी नसेल, तर शरीर त्या लांबीशी जुळवून घेण्यासाठी वाकते किंवा ताठ होते, आणि तो दोष मग स्विंगचा समजला जातो. तुमच्या बाबतीत यांपैकी काय लागू आहे हे मला माहीत नाही. पुढचे विवेचन मात्र यांतल्या कोणत्याही परिस्थितीत उपयोगी पडेल असे आहे.

व्हिडिओंवरून शिकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सतत शरीराच्या स्थिती येत राहतात: कोपर कुठे असावे, गुडघा किती वाकावा, क्लब वर गेल्यावर कुठे रोखलेला असावा. या स्थितींनाच मूलतत्त्वे मानले की यादी वाढत जाते आणि दर आठवड्याला तिच्यात एका नव्या सूचनेची भर पडते. चेंडूचा संबंध मात्र फक्त क्लबच्या फेसशी, म्हणजे डोक्याच्या चेंडूला लागणाऱ्या बाजूशी, येतो, आणि तोही साधारण अर्ध्या मिलिसेकंदापुरता. आघात हाताला जाणवतो तेव्हा चेंडू फेस सोडून निघून गेलेला असतो. अमेरिकेचे व्यावसायिक खेळाडू जिम फ्युरिक यांचा क्लब वर जातो एका वाटेने आणि मोठा वळसा घेऊन खाली येतो दुसऱ्या वाटेने. तसा स्विंग कोणीही प्रशिक्षक कोणाला मुद्दाम शिकवणार नाही. तरीही २००३ मध्ये ते यूएस ओपन जिंकले, आणि २०१६ मध्ये त्यांनी एका फेरीत ५८ फटके नोंदवले, जो पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेतला नीचांक ठरला. वर जे काही घडते ते घडो, चेंडूपाशी क्लब अचूक येतो, म्हणून तो स्विंग चांगला आहे.

त्यामुळे मी मूलतत्त्वे चेंडूपासून मागे मोजतो. आघाताच्या क्षणी फेस कोणत्या दिशेला पाहतो आहे, क्लबचे डोके कोणत्या वाटेने येते आहे, स्विंगच्या कमानीचा सर्वांत खालचा बिंदू, ज्याला मी पुढे तळबिंदू म्हणेन, तो चेंडूच्या मागे पडतो की पुढे, आणि चेंडू फेसच्या कोणत्या भागावर लागतो, एवढ्यावर फटक्याची दिशा आणि जात ठरते. अंतर मिळते ते वेगातून. चेंडू क्लबच्या वाटेवर निघतो आणि फेसच्या दिशेकडे वळतो असे पूर्वी अनेक वर्षे शिकवले गेले. रडारने चेंडूचे उड्डाण मोजता येऊ लागल्यावर ते उलटे असल्याचे स्पष्ट झाले. चेंडू कोणत्या दिशेने निघतो हे तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक प्रमाणात फेस ठरवतो, आणि हवेत तो किती वळतो हे फेस आणि वाट यांच्यातल्या फरकावर अवलंबून असते. फेस वाटेच्या मानाने उजवीकडे पाहत असेल, म्हणजे उघडा असेल, तर चेंडू उजवीकडे वळतो, हाच स्लाइस. फेसमधल्या एका अंशाची किंमत किती ते पाहा: २०० मीटरवर केवळ दिशेतला १ अंशाचा फरक सुमारे साडेतीन मीटरचा होतो, आणि वळणामुळे पडणारी भर वेगळीच.

आता तुमच्या दोन तक्रारींकडे वळतो. समजा ग्रिप, म्हणजे क्लब धरण्याची पद्धत, अशी आहे की डावा हात क्लबवर फार डावीकडे वळलेला आहे आणि क्लब बोटांऐवजी तळहातात आडवा पडला आहे. अशा हातांनी मोकळेपणाने स्विंग केला तर फेस चेंडूपाशी उघडाच येतो. चेंडू उजवीकडे जातो हे दोन-चारशे वेळा पाहिल्यावर शरीर आपोआप दोन उपाय शोधते, आणि माणसाला त्यांचा पत्ताही नसतो. एक, क्लब बाहेरून आत, म्हणजे लक्ष्याच्या डावीकडे ओढायचा. दुसरा, चेंडूच्या आधीच मनगटे झटकून फेस बंद करायचा. पहिल्या उपायाने वाट आणि फेस यांच्यातला फरक वाढतो आणि स्लाइस अधिकच बळावतो. दुसऱ्या उपायाने मनगटांत साठवलेला कोन लवकर सुटतो, क्लबचे डोके हातांच्या पुढे धावते, तळबिंदू मागे सरकतो, आणि आयर्न चेंडूच्या १० सेंटीमीटर आधी जमिनीत शिरतो. ड्रायव्हरच्या वेळी चेंडू टीवर, म्हणजे छोट्या खुंटीवर, असल्यामुळे जमीन लागत नाही, पण लांब क्लबचा फेस मनगटांनी वेळेत बंद करणे जमत नाही, म्हणून तिथे स्लाइस दिसतो. दोन लक्षणे, मूळ एक. हे तुमच्या बाबतीत शंभर टक्के खरे आहे असे पाहिल्याशिवाय म्हणणार नाही, पण तपासायला सुरुवात इथूनच करावी असे मी ठामपणे सांगेन.

मी सुरुवातीलाच हातांवर एवढा भर का देतो, याचे आणखी एक कारण आहे. कुशल खेळाडूंचा डाउनस्विंग (क्लब वरून चेंडूपर्यंत खाली आणणे) साधारण पाव सेकंदात संपतो. एखादी गोष्ट दिसल्यावर तिला प्रतिसाद द्यायलाच माणसाला जवळपास तेवढा वेळ लागतो. याचा अर्थ, क्लब खाली येऊ लागल्यावर विचार करून काहीही दुरुस्त करता येत नाही. जे ठरवायचे ते क्लब हलण्यापूर्वी ठरलेले असावे लागते, आणि त्या वेळी तुमच्या पूर्ण ताब्यात असतात त्या तीनच गोष्टी: ग्रिप, उभे राहण्याची पद्धत आणि नेम.

ग्रिपबद्दल सविस्तर लिहितो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक विद्यार्थिनी आली होती, तिची तक्रार अगदी तुमच्यासारखी होती. तिचा स्विंग पाहण्याआधी मी तिचा डाव्या हाताचा हातमोजा मागून घेतला आणि उलटा करून पाहिला. करंगळीखालच्या तळहाताच्या गादीवर चामडे झिजून भोक पडले होते, बोटांच्या मुळाशी मात्र ते नव्यासारखे गुळगुळीत होते. क्लब तळहातात धरला गेला आहे आणि प्रत्येक फटक्यात तो तिथे थोडा घसरतो आहे, हे त्या भोकाने सांगितले. आम्ही त्या दिवशी एकही पूर्ण स्विंग केला नाही. पाऊण तास क्लब हातात घेणे, सोडणे, पुन्हा घेणे एवढेच केले. पुढचे दोन आठवडे तिने रोज घरी तेच केले. स्लाइस पूर्ण जायला आणखी वेळ लागला, पण क्लब चेंडूआधी जमिनीवर आदळणे त्या दोन आठवड्यांतच निम्म्याहून कमी झाले होते. तुमचा हातमोजाही आज उलटा करून पाहा.

डावा हात असा ठेवावा की क्लब तर्जनीच्या मधल्या पेरापासून करंगळीच्या मुळापर्यंत बोटांतून तिरपा जाईल, आणि करंगळीखालची गादी क्लबच्या वर बसेल, बाजूला नाही. मूठ मिटल्यावर वरून पाहताना डाव्या हाताच्या बोटांच्या मुळांचे दोन ते अडीच उंचवटे दिसावेत. एकच दिसत असेल तर हात फार डावीकडे वळलेला आहे. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये पडणारी खाच उजवा कान आणि उजवा खांदा यांच्या दरम्यान रोखलेली असावी. उजवा हातही मुख्यतः बोटांनीच धरतो. त्याच्या तळव्यावरील खोलगट भागाने डावा अंगठा झाकला जातो आणि त्याची खाचही साधारण त्याच दिशेला जाते. उजवी करंगळी डाव्या तर्जनीवर टेकवावी, तिच्यात अडकवावी की दहाही बोटे क्लबवर ठेवावीत, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि मी त्याला फार महत्त्व देत नाही. ओपन स्पर्धा सहा वेळा जिंकणाऱ्या हॅरी वार्डन यांच्या नावाने टेकवण्याची पद्धत ओळखली जाते, तर जॅक निकलस आणि टायगर वुड्स बोटे अडकवतात. हात लहान असतील तर अडकवणे सोपे जाते. तुम्हाला जे घट्ट न आवळता स्थिर वाटेल ते घ्या.

आवळण्याबद्दल मात्र मी आग्रही आहे. पूर्ण ताकदीला १० मानले तर ४ पुरेसे आहे, आणि ते चार स्विंगच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत चारच राहावेत. मुठी आवळल्या की कोपरापर्यंतचे स्नायू ताठ होतात, मनगटांची घडी पडत नाही आणि क्लबच्या डोक्याचे वजन जाणवेनासे होते. क्लब उभा धरला तर हलका वाटतो, समोर आडवा धरला तर डोके जड वाटते. हा फरक बोटांना स्पष्ट कळत असेल तर दाब योग्य आहे.

एक इशारा इथे द्यायला हवा. बेन होगन यांना हुकने, म्हणजे डावीकडे वळणाऱ्या चेंडूने सतावले होते, म्हणून त्यांनी आपला डावा हात क्लबवर डावीकडे वळवून घेतला. थोर खेळाडूची ग्रिप म्हणून स्लाइस मारणारे कित्येक जण तीच उचलतात आणि आपल्याच दुखण्याला खतपाणी घालतात. ग्रिप कोणाची आहे यापेक्षा ती कोणत्या दोषावरचे औषध आहे ते पाहावे.

ग्रिप बदलल्यावर पहिले काही दिवस चेंडू सरळ डावीकडे जाईल. तो सुधारणेचाच भाग आहे, कृपया तिथे थांबू नका. फेस आता उघडा राहिलेला नाही, पण जुन्या सवयीने तुम्ही अजूनही क्लब डावीकडे ओढत आहात, एवढाच त्याचा अर्थ. चेंडू डावीकडे जातो हे पाहूनच शरीर ती ओढ हळूहळू सोडून देते, आणि बहुतेक जणांना वाट बदलण्याचा वेगळा व्यायाम द्यावाही लागत नाही. नवी ग्रिप चुकीची वाटेल, हात कोणा दुसऱ्याचे आहेत असे वाटेल. साधारण तीन आठवड्यांत ती भावना जाते.

उभे राहण्याबद्दल थोडक्यात. मधल्या आयर्नसाठी पाय खांद्यांइतके रुंद, ड्रायव्हरसाठी थोडे जास्त. कंबरेतून पाठ गोल करून वाकू नये. मांड्या जिथे धडाला जोडल्या आहेत त्या सांध्यांतून, पाठ सरळ ठेवून झुकावे, म्हणजे हात खांद्यांखाली सैल लोंबतात. क्लबचे वरचे टोक आणि मांडी यांच्यात साधारण एक पंजा मावेल इतके अंतर राहते. उजवा हात क्लबवर खाली असल्यामुळे उजवा खांदाही किंचित खाली असणे स्वाभाविक आहे. दोन्ही खांदे समान पातळीवर आणण्याच्या नादात छाती लक्ष्याच्या डावीकडे वळते, ते टाळावे. वेजसाठी (कमी अंतराच्या, जास्त तिरप्या फेसच्या क्लबसाठी) चेंडू दोन्ही पायांच्या मध्यावर, सात नंबरच्या आयर्नसाठी मध्यापेक्षा एक चेंडूभर पुढे, ड्रायव्हरसाठी डाव्या टाचेच्या आतल्या रेषेत.

नेमाच्या बाबतीत स्लाइस मारणारे सगळेच एका सापळ्यात सापडतात. चेंडू उजवीकडे जातो म्हणून ते पाय आणि खांदे डावीकडे वळवून उभे राहतात, त्यामुळे क्लब आणखी डावीकडे ओढला जातो आणि वळण वाढते. यावर निकलस यांची सवय उचलण्यासारखी आहे. चेंडूच्या मागे उभे राहून लक्ष्याच्या रेषेवर, चेंडूपासून सुमारे मीटरभर पुढे, गवताचे पाते किंवा एखादी खूण निवडावी, आधी फेस त्या खुणेवर रोखावा, आणि मग पाय त्या रेषेला समांतर ठेवावेत. दूरचा झेंडा आणि पाय यांचा मेळ डोळ्यांनी घालणे कठीण असते. मीटरभरावरची खूण साधता येते. सरावाच्या वेळी जमिनीवर दोन सरळ काठ्या समांतर टाकून उभे राहा, कारण आपण जिथे रोखून उभे आहोत असे वाटते आणि प्रत्यक्षात जिथे असतो त्यांत बरेच अंतर पडलेले असते.

इथपर्यंत क्लब हललेलाही नाही, आणि तरी माझ्या मते निम्मे काम झाले आहे: फेस कशामुळे उघडा राहतो ते हातांत सुधारले, वाट कशामुळे डावीकडे जाते ते पायांत आणि नेमात. उरला तळबिंदू, आणि तो मी अर्ध्या स्विंगमध्ये शिकवतो.

सात नंबरचा किंवा आठ नंबरचा आयर्न घ्या. हात मागे कंबरेइतके आणि पुढे कंबरेइतकेच जातील एवढाच स्विंग करा. जमिनीवर खडूने, किंवा मातीत काठीने, तुमच्या दोन्ही पायांच्या मध्यातून पुढे जाणारी, लक्ष्याच्या रेषेला काटकोनात असलेली एक रेघ ओढा आणि तिच्यावर चेंडू न ठेवता स्विंग करा. क्लबने जमिनीला स्पर्श कुठे केला ते दर वेळी खाली पाहून तपासा. चांगल्या खेळाडूचा तळबिंदू चेंडूच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला, सुमारे १० सेंटीमीटरवर पडतो. तुमचे उद्दिष्ट इतकेच की जमिनीवरची खूण रेघेच्या पुढून सुरू व्हावी. सुरुवातीला ती रेघेच्या मागेच दिसेल. तेव्हा मनगटांना काहीही सांगू नका. आघाताच्या वेळी वजन डाव्या पायावर आले आहे का आणि छाती लक्ष्याकडे वळत राहिली आहे का, हे पाहा. दहापैकी आठ खुणा रेघेच्या पुढे पडू लागल्या की त्याच रेघेवर चेंडू ठेवा.

या टप्प्यावर बहुतेकांच्या मनातली एक जुनी समजूत आड येते: चेंडूच्या खाली क्लब घालून तो वर उचलायला हवा, अशी. त्या समजुतीने वजन उजव्या पायावर मागे रेलते आणि आयर्न पुन्हा जमिनीत शिरतो. चेंडू वर जातो तो फेसच्या तिरपेपणामुळे, ज्याला लॉफ्ट म्हणतात. सात नंबरच्या आयर्नमध्ये तो ३० अंशांच्या आसपास असतो, आणि क्लब खाली उतरत असताना चेंडूला लागला तरच तो पूर्ण कामी येतो. आधी चेंडू, मग गवत. फटक्यानंतर जमिनीतून निघालेला गवताचा तुकडा, डिव्हॉट, चेंडूच्या मूळ जागेच्या पुढे असेल तर तुमचे काम बरोबर चालले आहे.

‘डोके खाली ठेव’ आणि ‘डावा हात सरळ ठेव’ या दोन सूचना तुम्ही नक्कीच ऐकल्या असतील. दोन्हींमागे हेतू चांगला आहे, पण शब्दशः पाळल्या तर नुकसान होते. डोके दाबून धरले की छाती वळायची थांबते आणि मनगटांना झटका द्यावाच लागतो. हात ताठ केला की खांदा ताठतो. डोके साधारण जागेवर राहावे आणि चेंडू गेल्यावर शरीराबरोबर वर यावे. डावा हात लांब असावा, कडक नाही.

अर्धा स्विंग जमला की पूर्ण स्विंग हा त्याचाच विस्तार असतो. बॅकस्विंगमध्ये खांदे कण्याभोवती वळतात, वजन उजव्या टाचेच्या आतल्या बाजूवर येते आणि मनगटांची घडी पडते. खांदे ९० अंश आणि कंबर ४५ अंश वळावी असे सांगितले जाते, पण ते लवचीक शरीराचे माप आहे. ज्याला खांदे ७० अंशच वळवता येतात त्याने उरलेले २० अंश हात उचलून भरून काढू नयेत. डावी टाच थोडी उचलू द्यावी, कंबर जास्त वळते आणि पाठही वाचते. कंबर वळण्याऐवजी उजवीकडे सरकली तर मात्र तळबिंदू पुन्हा मागे जातो, म्हणून उजव्या कुल्ह्याच्या बाहेर एक काठी जमिनीत रोवून तिला स्पर्श न करता बॅकस्विंग करून पाहावा.

खाली येण्याची सुरुवात हा स्विंगचा सर्वांत नाजूक क्षण आहे. चांगल्या खेळाडूंमध्ये ती जमिनीकडून होते: आधी डाव्या पायावर दाब येतो, मग कंबर, मग छाती, मग हात आणि शेवटी क्लब. प्रत्येक भाग आपला वेग गाठून मंदावतो आणि पुढच्याला वेग देतो, चाबकात मुठीकडून टोकाकडे लाट जाते तसा. स्लाइस मारणाऱ्यात हा क्रम उलटतो आणि आधी उजवा खांदा बाहेर येतो. हे शब्दांनी शिकवणे मी जवळजवळ सोडून दिले आहे. त्याऐवजी दोन्ही पाय जोडून उभे राहायला सांगतो, क्लब मागे नेता नेता, तो वर पोहोचण्याच्या जरा आधी, डावा पाय पुढे टाकायचा आणि मग मारायचे. चेंडू फेकताना आपण हेच करतो, त्यामुळे शरीराला क्रम आपसूक आठवतो. पाच-सहा वेळा असे केल्यावर पाय न उचलता तीच जाणीव ठेवून नेहमीचा स्विंग करावा.

लयीबद्दल एकच गोष्ट: सावकाश मारा असे मी सांगत नाही. अव्वल खेळाडूंच्या बॅकस्विंगला डाउनस्विंगच्या साधारण तिप्पट वेळ लागतो आणि दोन्ही मिळून तो स्विंग एका सेकंदाच्या आसपास संपतो. शिकाऊ खेळाडू अनेकदा फार हळू वर नेतात आणि मग घाईने खाली ओढतात. शेवटची स्थिती तोल ढळू न देता तीन सेकंद धरता आली, पोट लक्ष्याकडे, वजन डाव्या पायावर, उजव्या पायाचा फक्त अंगठा टेकलेला, तर लय तुमच्या ताब्यात आहे.

ड्रायव्हर मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, आणि तुम्हीही तो पहिले सहा आठवडे पिशवीतच ठेवावा असे मला मनापासून वाटते. त्याची लांबी साधारण ११५ सेंटीमीटर असते, सात नंबरच्या आयर्नची ९४ च्या आसपास. शिवाय ड्रायव्हरचा लॉफ्ट १० अंशांच्या जवळपास असल्यामुळे फेस आणि वाट यांच्यातला तेवढाच फरक आयर्नमध्ये थोडा आणि ड्रायव्हरमध्ये खूप दिसतो. उघड्या फेसचा दोष आयर्नवर बरा केला की ड्रायव्हरमध्ये दोनच गोष्टी वेगळ्या करायच्या असतात. चेंडू टीवर इतका उंच ठेवावा की त्याचा निम्मा भाग क्लबच्या वरच्या कडेच्या वर दिसेल, आणि तो डाव्या टाचेच्या रेषेत असल्यामुळे क्लब तळबिंदू ओलांडून वर जाताना त्याला लागेल. फेसवर व्हाइटबोर्डच्या मार्करने हलका थर द्यावा, म्हणजे चेंडू कुठे लागला त्याचा ठसा उमटतो. ठसा शाफ्टकडच्या, म्हणजे क्लबच्या दांड्याकडच्या, टोकाला दिसला तर चेंडू त्यामुळेही उजवीकडे वळतो, आणि तेव्हा ग्रिपला दोष देण्याआधी तुम्ही चेंडूच्या फार जवळ उभे आहात का ते पाहावे.

सराव कसा करावा, याने फार फरक पडतो. शिकवायला लागलो त्या सुरुवातीच्या काळात मी एका विद्यार्थ्याला तासाभरात सात दुरुस्त्या सांगितल्या होत्या. प्रत्येक दुरुस्ती बरोबर होती, आणि तासाच्या शेवटी त्याला चेंडूला क्लब लावणेही जमेना. तेव्हापासून मी एका वेळी एकच गोष्ट देतो, आणि ती शक्यतो शरीराबाहेरची देतो. १९९९ मध्ये गॅब्रिएल वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोल्फच्या छोट्या फटक्यांवर केलेल्या प्रयोगात, हातांच्या हालचालीकडे लक्ष देणाऱ्या नवशिक्यांपेक्षा क्लबच्या हालचालीकडे लक्ष देणारे अधिक अचूक ठरले, आणि नंतर सूचनांशिवाय घेतलेल्या चाचणीतही तो फायदा टिकला. म्हणून ‘डावा खांदा वळव’ याऐवजी ‘रेघेच्या पुढचे गवत काप’ असे मी म्हणतो. एका सत्रात ६० चेंडू पुरेसे आहेत. पहिले २० अर्ध्या स्विंगचे, पुढचे २० एकाच क्लबने, आणि शेवटचे २० दर वेळी क्लब आणि लक्ष्य बदलून. शेवटचे वीस सर्वांत वाईट जातील, पण मैदानात एकच फटका लागोपाठ दोनदा क्वचितच येतो, आणि फेरबदल करून केलेला सराव त्या क्षणी कमी समाधान देत असला तरी अधिक टिकतो.

किती दिवस लागतील, असेही तुम्हाला वाटत असेल. रोज घरी दहा मिनिटे ग्रिप आणि उभे राहणे, आणि आठवड्यातून दोन सत्रे, असे केले तर आयर्न चेंडूआधी जमिनीवर आदळणे मी साधारण सहा आठवड्यांत आटोक्यात आलेले पाहिले आहे. ड्रायव्हरला त्यापुढे दोन-तीन महिने लागतात, आणि जुनी सवय अनेक वर्षांची असेल तर अधिक. तुमची आठच महिन्यांची आहे. या काळात नवे व्हिडिओ पाहू नका, हे माझे कळकळीचे सांगणे आहे.

सहा आठवड्यांनी जमिनीवरची खूण अजूनही रेघेच्या मागेच पडत असेल, तर प्रत्यक्ष प्रशिक्षकाला एकदा दाखवा. ते शक्य नसेल तर फोन हातांच्या उंचीवर ठेवून दोन चित्रणे घ्या, एक छातीच्या समोरून आणि एक लक्ष्याच्या रेषेवर मागून, दोन्ही सात नंबरच्या आयर्नची, आणि त्यांच्यासोबत डाव्या हाताच्या ग्रिपचा वरून काढलेला फोटो आणि उलट्या हातमोज्याचा फोटो इथे द्या. ग्रिपबद्दलचा माझा अंदाज तुमच्या बाबतीत बरोबर आहे की नाही, हे त्यांवरून मला सांगता येईल.